पीजी संपत आलं, आता पुढे काय? महाराष्ट्रातल्या शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी

थिसिस जमा होतो, परीक्षेला चार-सहा महिने उरतात आणि ड्युटी रूममधल्या गप्पांचा विषय बदलतो. "सुपरचं काय ठरलं?" "बाँड कुठे लागेल?" "त्या हॉस्पिटलवाल्यांनी एमजी किती सांगितली?" सुपर म्हणजे पीजीनंतरचं सुपरस्पेशालिटी शिक्षण, बाँड म्हणजे बंधनकारक सरकारी सेवा आणि एमजी म्हणजे हॉस्पिटलने हमी दिलेली दरमहा रक्कम. हे प्रश्न सगळ्यांच्याच डोक्यात असतात. तरी बहुतेक जण परीक्षेपर्यंत ते बाजूला ठेवतात आणि निकालानंतर ज्याचा फोन आधी येईल त्याला हो म्हणून टाकतात. पुढच्या पाच वर्षांचा निर्णय असा थकलेल्या अवस्थेत, दोन आठवड्यांत होऊ नये. निकालाच्या सहा महिने आधीपासून काय काय करायचं, ते या लेखात क्रमाने लिहिलं आहे. लेख महाराष्ट्रातून एमबीबीएसनंतरची पीजी, म्हणजे एमडी, एमएस किंवा डीएनबी, करणाऱ्यांसाठी आहे.

आधी आठवडा लिहून काढा

"कुठला पर्याय चांगला?" या प्रश्नाला उत्तर नाही. मेडिसिन करून गॅस्ट्रोला (पोटाच्या विकारांच्या सुपरला) गेलेला मित्र खूश असतो, म्हणून तुम्हीही तिथे खूश राहाल असं नाही. त्याऐवजी एका कागदावर सोमवार ते रविवार लिहा आणि पाच वर्षांनंतरचा तुमचा आठवडा भरा. ओपीडी किती तास, प्रोसिजर किंवा ओटी (ऑपरेशन थिएटर) किती, रात्री उठावं लागणं किती वेळा, शिकवणं किती, घरी जेवायला किती दिवस, गाव कुठलं. जोडीदार डॉक्टर असेल तर दोघांनी वेगवेगळे कागद भरा आणि मग शेजारी ठेवून बघा. दोन्ही कागदांवरची गावं जुळत नसतील तर ते आत्ताच कळलेलं बरं. कर्ज काढून मशीन घेतल्यावर कळलं तर फार महाग पडतं.

मग दुसऱ्या कागदावर तीन आकडे: घरखर्च, डोक्यावरचं कर्ज, आणि पगाराशिवाय किती महिने काढता येतील. सुपरची दुसऱ्यांदा तयारी करायची की नाही, हे या तिसऱ्या आकड्यावर ठरतं. आई-वडिलांकडून किती काळ पैसे घ्यायची आपली तयारी आहे, हेही घरात स्पष्ट बोलून घ्या. माझ्या पाहण्यात जी मुलं या काळात सर्वांत जास्त खचली, ती नापास झाली नव्हती. घरात ही एक गोष्ट बोलायची राहून गेली होती, एवढंच.

हात कुठे अडतो ते शोधा

लॉगबुक परीक्षेसाठी भरतो तसं भरू नका. खरं भरा. आपल्या ब्रांचमधली वीस कामं लिहा, जी बाहेर पडल्यावर रात्री दोन वाजता एकट्याने करावी लागतील. प्रत्येकापुढे "एकट्याने केलं", "सिनियर बाजूला असताना केलं" किंवा "फक्त पाहिलं" असं लिहा. "फक्त पाहिलं" या रकान्यात जे उरेल, तो तुमचा पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम.

मेडिसिनच्या रेसिडेंटला टेम्पररी पेसिंग, बेडसाइड एको आणि व्हेंटिलेटरचं सेटिंग स्वतःच्या भरवशावर जमतं का? ऑब्स्टेट्रिक्सवाल्यांना पीपीएच (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव) आवरत नसेल तर पुढच्या पायऱ्या हाताला माहीत आहेत का? सर्जरीच्या मुलाने अवघड गॉलब्लॅडर कुठल्या टप्प्यावर ओपन करायचं, हे सरांना विचारून घेतलं आहे का? ॲनेस्थेशियाची लहान मुलांची लिस्ट किंवा अवघड एअरवे (श्वासमार्ग), ऑर्थोचं स्पाइन, प्रत्येक ब्रांचची अशी एक दुखरी जागा असते. मोठ्या कॉलेजमध्ये सुपरस्पेशालिस्ट असल्यामुळे अशा केसेस आपोआप पुढे जातात आणि जनरल ब्रांचच्या रेसिडेंटच्या हाताला लागत नाहीत. युनिट हेडना सरळ सांगा की मला हे कमी पडतंय, त्या दिवशी मला बोलवा. कोणी नाही म्हणत नाही. उलट तीन वर्षांत इतकं स्पष्ट कोणी मागितलेलं नसतं.

कागदपत्रांची एक फाइल

हे काम कंटाळवाणं आहे, पण याच कामापायी नोकऱ्या महिना-दोन महिने लटकतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं पासिंग सर्टिफिकेट आणि मार्कशीट, कॉलेजचं अनुभव प्रमाणपत्र, वसतिगृहापासून लायब्ररीपर्यंतचं नो ड्यूज, कॉलेजमध्ये जमा असलेली मूळ कागदपत्रं परत घेतल्याची पोच. डीएनबीवाल्यांचं प्रमाणपत्र एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून येतं.

यात सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये पीजीची ॲडिशनल क्वालिफिकेशन नोंदवणं. निकाल लागला म्हणजे आपण लगेच "एमडी" अशी पाटी लावू शकतो, असा समज असतो. पदवी कौन्सिलकडे नोंदवल्याशिवाय लेटरहेडवर वापरू नका. एखादी केस न्यायालयात गेली तर पहिला प्रश्न तिथेच येतो. एमबीबीएसची मूळ नोंदणी कधी संपते तेही पाहा. नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट लागतात. रेसिडेन्सीत कॉन्फरन्सला गेलात त्याची प्रमाणपत्रं म्हणूनच टाकून देऊ नका. दुसऱ्या राज्यात काम करणार असाल तर तिथल्या कौन्सिलच्या नोंदणीचा वेळ हिशेबात धरा.

बाँड: आधी नीट वाचा, मग ठरवा

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजमधून पीजी करणाऱ्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती टाळली तर पीजीसाठी 50 लाख आणि सुपरस्पेशालिटीसाठी 2 कोटी रुपयांचा दंड आहे. 19 ऑगस्ट 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे असे बाँड वैध ठरवले. त्यामुळे "कोर्टात गेलं की सुटतो" या ऐकीव गोष्टीवर भविष्य टांगू नका. प्रवेशाच्या वेळी तुम्ही सही केलेल्या बंधपत्राची प्रत शोधा आणि शब्द न् शब्द वाचा. तुम्हाला लागू आहे ते त्याच कागदावर आहे. सिनियर सांगतात ते त्यांच्या बॅचचं असतं.

बाँडकडे शिक्षा म्हणून पाहणं मला पटत नाही. तुमच्या आयुष्यातलं हे बहुधा एकच वर्ष असेल, जेव्हा पदवी पूर्ण आहे, पेशंट भरपूर आहेत, अधिकार बऱ्यापैकी आहेत आणि धंदा आणायची जबाबदारी नाही. जागा निवडताना मात्र एक फरक लक्षात ठेवा. मेडिकल कॉलेजमध्ये सिनियर रेसिडेंट (एसआर) म्हणून बाँड केलात, तर ते वर्ष असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेसाठी मोजलं जातं. जिल्हा रुग्णालयातलं किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं वर्ष त्या अर्थाने एसआर धरलं जात नाही. शिकवण्याकडे थोडाही ओढा असेल तर कॉलेजची जागा आधी भरा. ओढा नसेल तर जिल्हा रुग्णालय मी वरचं मानतो. तिथे वरिष्ठ नसतात आणि निर्णय तुमचाच असतो. हात तिथेच तयार होतो.

बाँड संपल्यावर पूर्ततेचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गाव सोडू नका. सुपरला मध्येच प्रवेश मिळाला तर बाँड पुढे ढकलण्याची परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगीला काही अर्थ नसतो.

सुपर करायचं का?

सुपरची प्रवेश परीक्षा, नीट-एसएस, वर्षातून एकदा एनबीईएमएस घेतं आणि पेपर ब्रांचच्या गटाप्रमाणे असतो. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर, निम्हान्स अशा संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. डीएम आणि एमसीएच हे सुपरचे अभ्यासक्रम तीन वर्षांचे. एनबीईएमएसची डीआरएनबीही आहे.

परीक्षेपेक्षा अवघड प्रश्न हा, की सुपर हवं आहे कशासाठी. मला तीन कारणं रास्त वाटतात: त्या अवयवाच्या आजारांत खरोखर रस आहे, ती प्रोसिजर आपल्या हातांना आवडते, किंवा ज्या गावात राहायचं आहे तिथे त्या विषयाची गरज आहे. "बॅचमधले सगळे करतायत" हे कारण चौथ्या प्रयत्नाच्या वेळी फार पोकळ वाटतं. ज्या विषयाला जायचं म्हणता त्या विभागात, ऑब्झर्व्हर म्हणून का होईना, सलग दोन आठवडे काढा. नेफ्रोलॉजीचा रोमान्स डायलिसिस युनिटमध्ये पंधरा दिवस बसल्यावरही टिकला, तर तो खरा.

राज्य निवडताना तिथला सुपरचा बाँड वाचा. काही राज्यांत तो एका वर्षापेक्षा जास्त आहे. अखिल भारतीय कोट्यातली जागा मिळाली म्हणून राज्याचा बाँड टळत नाही.

सुपर नको पण एखादं कौशल्य हवं असेल तर फेलोशिप. इथे डोळे उघडे ठेवा. एनबीईएमएसची एफएनबी आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिप यांना रचना आहे, परीक्षा आहे. संस्थांच्या आणि हॉस्पिटलांच्या खासगी फेलोशिप बऱ्याच चांगल्या आहेत, पण त्यांतल्या काहींमध्ये "फेलो" म्हणजे स्वस्तात मिळालेला रात्रीचा डॉक्टर असतो. अर्ज करण्याआधी मागच्या दोन बॅचच्या फेलोंना फोन करा आणि फक्त एक विचारा: वर्षभरात स्वतःच्या हाताने किती केसेस केल्या? आकडा सांगताना ते थबकले तर समजून घ्या.

शिकवायचं असेल तर

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनुसार असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी एमडी किंवा एमएसनंतर मेडिकल कॉलेजमध्ये एक वर्ष सिनियर रेसिडेन्सी लागते. सोबत बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स आणि मेडिकल एज्युकेशन टेक्नॉलॉजीचा बेसिक कोर्स. रिसर्चचा कोर्स ऑनलाइन आहे. एसआरशिपमध्येच उरकून टाका. 2025 च्या नव्या नियमांनी आणखी एक दार उघडलं: 220 हून अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षं काम केलेल्या स्पेशालिस्टला एसआरशिपशिवाय असिस्टंट प्रोफेसर होता येतं, रिसर्चचा कोर्स दोन वर्षांत पूर्ण करण्याच्या अटीवर. जिल्हा रुग्णालयात रमलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शासकीय कॉलेजातली कायम जागा लोकसेवा आयोगातून भरली जाते. त्याआधीची कित्येक वर्षं कंत्राटी नेमणुकीवर जाऊ शकतात. खासगी कॉलेजचा प्रस्ताव आला तर तिथल्या वॉर्डात एक चक्कर मारा. खाटांवर पेशंट आहेत का? रात्रीची इमर्जन्सी खरोखर चालते का? फक्त तपासणीच्या दिवशी उभं राहायला बोलावणाऱ्या कॉलेजला नाव देऊ नका. हजेरी आता आधारशी जोडलेली आहे, आणि खोटी फॅकल्टी म्हणून कारवाई झाली तर ती डॉक्टरच्या नोंदणीवर होते.

हॉस्पिटलची नोकरी: करार वाचायला शिका

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान मी इथेच होताना पाहिलं आहे. रेसिडेन्सीत आपण शेकडो संमतिपत्रं पेशंटना समजावून सांगतो. स्वतःच्या करारावर मात्र न वाचता सही करतो.

पैसे देण्याच्या पद्धती साधारण तीन. पहिली सरळ पगार: पीएफ, रजा, कर पगाराप्रमाणे. दुसरी एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी: ठरावीक काळ दरमहा ठरलेली रक्कम, मग तुम्ही आणलेलं काम त्यापेक्षा कमी असलं तरी. तिसरी फी फॉर सर्व्हिस: ओपीडी, आयपीडी (दाखल पेशंटची) भेट, प्रोसिजर यांतला ठरलेला वाटा. बहुतेक ठिकाणी सुरुवात एमजीने होते आणि सहा-बारा महिन्यांनी तिसऱ्या पद्धतीवर नेतात. म्हणून "एमजी किती?" याच्या जोडीला "एमजी संपल्यावर काय?" हेही विचारा.

वाटा टक्क्यांत सांगतात. कशाचे टक्के, ते विचारा. समजा एका शस्त्रक्रियेचं बिल एक लाख. त्यातली सर्जनची फी म्हणून धरलेली रक्कम 25 हजार असेल आणि तुमचा वाटा 80 टक्के असेल, तर तुमच्या हाती 20 हजार. शेजारचं हॉस्पिटल 30 टक्के देतो म्हणतं, पण खोलीभाडं आणि औषधं वजा करून उरलेल्या 70 हजारांवर. तिथे 21 हजार होतात. 80 आणि 30 या नुसत्या आकड्यांवरून काहीच कळत नाही. विमा कंपनीने कापलेली रक्कम कोणाच्या वाट्यातून जाते, योजनेतल्या पेशंटचे दर वेगळे आहेत का, बिल वसूल झाल्यावर पैसे मिळणार की पेशंटला सुट्टी दिल्यावर, हे तीन प्रश्न करारावरच्या उत्तरासह हवेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये असलेल्या हॉस्पिटलात हे विशेष बघा, कारण तिथे पॅकेज ठरलेलं असतं आणि पैसे नंतर येतात.

नोटिस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? पुष्कळ करारांत डॉक्टरला तीन महिने आणि हॉस्पिटलला एक महिना असतो. बदलून मागा. फार वेळा बदलून मिळतो. "सोडल्यावर दोन वर्षं दहा किलोमीटरच्या आत काम करायचं नाही" असं कलमही सर्रास असतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन साधारणपणे निरर्थक ठरतं. नोकरीत असताना इतरत्र काम न करण्याची अट मात्र चालते. तरी न्यायालयात जिंकण्याच्या भरवशावर सही करण्यापेक्षा ते कलम आधीच खोडून घ्यावं.

करात काय फरक पडतो? कन्सल्टंट म्हणून फी मिळत असेल तर 10 टक्के टीडीएस कापून पैसे येतात आणि बाकीचा कर तुम्ही भरायचा असतो. पहिल्या वर्षी नवे कन्सल्टंट हमखास इथे फसतात: खात्यात आलेली सगळी रक्कम आपली समजून खर्च करतात आणि मार्चमध्ये धावपळ होते. वर्षाची फी 50 लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोपी सोय आहे. रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा 75 लाख. ॲडव्हान्स टॅक्स अशा वेळी 15 मार्चपर्यंत एकदाच भरता येतो. व्यवसाय कराची नोंदणीही करून घ्या. एक सीए पहिल्या महिन्यापासूनच हवा.

आणि इंडेम्निटी विमा, म्हणजे पेशंटच्या भरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा. हॉस्पिटलची पॉलिसी हॉस्पिटलला वाचवते. त्यात तुमचं नाव आहे का हे लेखी विचारा, आणि असलं तरी स्वतःची काढा. ही पॉलिसी बहुधा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीची लागू होते. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांपर्यंत करता येते, त्यामुळे मध्ये एक वर्ष जरी खंड पडला तरी जुन्या पेशंटच्या दाव्याला आधार उरत नाही. कंपनी बदलताना जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्यापासूनच्या कामाला विमा लागू आहे ती) पुढे चालू ठेवा. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे रेसिडेंट असताना अंगावर आलेलं नसतं. बाहेर आल्यावर येतं.

शेवटचा मुद्दा लिहिताना मला त्रास होतो, पण टाळणार नाही. काही ठिकाणी दर महिन्याला किती ॲडमिशन, किती अँजिओग्राफी याचं टार्गेट दिलं जातं. बाहेर कट मागितला जातो. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत कमिशन देणं आणि घेणं दोन्ही निषिद्ध आहे, आणि 2023 चे नवे नियम स्थगित झाल्यामुळे तीच संहिता आजही लागू आहे. मुलाखतीतच विचारा: "माझं काम कशावर मोजलं जाईल?" उत्तरात आकडे आले तर पगार कितीही असो, तिथे तुमची क्लिनिकल जजमेंट हळूहळू विकली जाते. ती परत विकत घेता येत नाही.

स्वतःचं उभं करायचं असेल

तिशीच्या सुरुवातीलाच वीस खाटांचं हॉस्पिटल टाकू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आधी दोन-तीन हॉस्पिटलांत अटॅचमेंट (जोडून काम) घ्या, एक कन्सल्टिंग रूम भाड्याने घ्या, आणि वर्षभर त्या गावाचे पेशंट, तिथले जनरल प्रॅक्टिशनर, तिथले स्टाफ ओळखा. ज्या गावात भूलतज्ज्ञ रात्री येत नाही, तिथे सर्जिकल हॉस्पिटल बांधून काय करणार? ब्लड सेंटर किती अंतरावर, आयसीयू कोणाकडे, ॲम्ब्युलन्स किती वेळात, हे आधी पाहा. फर्निचर त्यानंतर.

परवानग्यांचा क्रम ब्रांचप्रमाणे बदलतो. खाटा असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, 1949 खाली नोंदणी. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्हा पातळीवरच्या आरोग्य कार्यालयाकडे. 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. बायोमेडिकल वेस्ट नियम 2016 सालचे. खाटा नसलेल्या क्लिनिकलाही ते लागू आहेत, त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता आणि कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार दोन्ही हवे. एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना. गर्भपात सेवा द्यायची तर एमटीपी कायद्याखाली जागेची मान्यता. आग सुरक्षेचा दाखला एकदा घेऊन भागत नाही. यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं.

सोनोग्राफीबद्दल वेगळं सांगायलाच हवं. मशीन कोणतंही असो, गरोदर स्त्रीची तपासणी करणार असा की नसा, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय मशीन आवारात आणू नका. डेमोसाठीसुद्धा नाही. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा फॉर्म एफ स्वतः वाचून सही करा. कारकुनी चूक म्हणून हा कायदा सोडत नाही. रेडिओलॉजिस्ट एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर सोनोग्राफी करू शकतो. "तिसरीकडे फक्त नाव द्या" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. पॅथॉलॉजिस्टांनाही सहीपुरतं नाव देण्याचे प्रस्ताव येतात. रिपोर्टवर पीजी पॅथॉलॉजिस्टची सही हवी असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं, त्याचा अर्थ रिपोर्ट त्याने पाहिलेला हवा.

भागीदारीत काढत असाल तर एकमेकांना पूरक ब्रांच शोधा, आणि मैत्री कितीही जुनी असली तरी करारपत्र करा. त्यात बाहेर पडण्याचं कलम सर्वांत आधी लिहा: एकाने सोडलं तर मशीनची किंमत कशी ठरवायची, जागेचं काय, नावाचं काय. रेकॉर्डची सवय पहिल्या पेशंटपासून लावा. आंतररुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं आणि पेशंटने मागितल्यावर 72 तासांत द्यायचं, हे 2002 च्या आचारसंहितेतच आहे.

सरकारी नोकरी आणि दूरची गावं

आरोग्य विभागातली स्पेशालिस्टची पदं, राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागा, ईएसआय रुग्णालयं, रेल्वे, महापालिका, सैन्यदलातलं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, सगळे चांगले रस्ते आहेत. कंत्राटी जागेत पैसे बऱ्याचदा कायम जागेइतके किंवा जास्त दिसतात, पण रजा, निवृत्तिवेतन आणि मुदतवाढ यांचा हिशेब मांडून मगच तुलना करा. जाहिराती अनियमित येतात, म्हणून जातीचं, डोमिसाइलचं, नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र ताजं ठेवा.

ग्रामीण कामाला त्याग म्हणून पाहू नका. विषय म्हणून पाहा. गडचिरोलीतल्या सर्च संस्थेत राणी आणि अभय बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत तपासली. तो अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे देशाच्या धोरणात उतरला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातल्या मृत्यूंचं चित्र पालटलं, आणि त्यांचं संशोधन परदेशी नियतकालिकांत छापून आलं. मोठं कॉलेज त्यांच्या पाठीशी नव्हतं. समोरचा पेशंट आणि नीट ठेवलेली वही होती. हेमलकसा, मेळघाट, सेवाग्राम इथे काही महिन्यांसाठीही जाता येतं. पक्का निर्णय नसेल तर असं तीन महिन्यांचं काम करून पाहा.

परदेश

अमेरिकेत इथली पीजी असली तरी बहुतेकांना रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. तिथल्या यूएसएमएलई या परवाना परीक्षेची स्टेप वन जानेवारी 2022 पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे स्टेप टूचे गुण आणि तिथला प्रत्यक्ष अनुभव जास्त मोजला जातो. ब्रिटनसाठी एमआरसीपी, एमआरसीएस, एमआरसीओजी, एफआरसीआर यांपैकी आपल्या ब्रांचची परीक्षा पूर्ण केली तर नोंदणीसाठी प्लॅब ही परीक्षा द्यावी लागत नाही. यांचे पहिले भाग रेसिडेन्सीतच देता येतात आणि एमडीच्या अभ्यासालाही उपयोगी पडतात. तिथल्याच मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हमधून 24 महिन्यांपर्यंत शिकून परत येण्याचा मार्गही आहे. आखातात कागदपत्रांची मूळ ठिकाणाहून पडताळणी, परीक्षा आणि पीजीनंतरचा अनुभव लागतो, म्हणून तो रस्ता दोन-चार वर्षांनी घेतात. कुठेही जायचं तरी कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी निर्दोष असल्याचं) प्रमाणपत्र लागेल, आणि बाँड बाकी ठेवून जाऊ नका.

पेशंटच्या खाटेपासून दूर

फार्माकॉलॉजी, पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र), मायक्रो, फॉरेन्सिकच्या मुलांना "तुमचं काय?" असं विचारलं जातं, ते मला आवडत नाही. औषध कंपन्यांतलं मेडिकल अफेअर्स आणि औषधसुरक्षेचं काम, क्लिनिकल ट्रायल, रोगसर्वेक्षण, राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिसचा कार्यक्रम, हॉस्पिटलमधलं संसर्ग नियंत्रण, विमा कंपन्यांतली छाननी. यांतली बरीच कामं क्लिनिकल ब्रांचवालेही घेतात, विशेषतः ज्यांना रात्रीची ड्युटी शरीराला झेपत नाही. तेही पूर्ण मानाचं कारण आहे. टेलीमेडिसिनलाही मार्च 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चौकट मिळाली आहे. वेळापत्रक जमत नाही अशा काळात ते पूरक काम म्हणून ठीक.

निकाल ते पहिली ड्युटी

निकाल लागला की त्याच आठवड्यात कौन्सिलचा अर्ज, विम्याचा अर्ज आणि बाँडच्या समुपदेशनाची तारीख, ही तीन कामं. नोकरीचा प्रस्ताव आला तर दोन दिवस मागून घ्या, करार घरी न्या, आणि तिथून सोडून गेलेल्या एका कन्सल्टंटशी बोला. सध्या तिथे असलेला माणूस मोकळेपणाने बोलू शकत नाही. जमल्यास दहा दिवस काहीच न करता घरी राहा. तीन वर्षांची झोप बाकी असते आणि ती कोणी मोजत नाही. झोप आली तरी मन जड राहिलं, पेशंटच्या विचारानेच छाती भरून येत असेल, तर जॉइन होण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आपल्याच कॉलेजातल्याला सांगायचा संकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावातल्याला.

पहिल्या ड्युटीच्या आधी चार नंबर फोनमध्ये वर आणून ठेवा: आपल्या युनिटच्या सरांचा किंवा मॅडमचा, एका भूलतज्ज्ञाचा, जवळच्या ब्लड सेंटरचा आणि पेशंट हलवायचा झाला तर जिथे हलवाल त्या आयसीयूचा. सरांना आधीच विचारून ठेवा, "रात्री अडलो तर फोन करू ना?" ते हो म्हणतील. मग खरंच करा.